आधी भरायचा नट, मग खालचा: मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्पोर्ट्स कारचं गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ऑइल सोलापुरात बदलताना

खालचा ड्रेन नट आधी खोलला, जुनं ऑइल ट्रेमध्ये उतरलं आणि मग कळलं की वरचा भरायचा नट सुटतच नाही. घरच्या पार्किंगमध्ये गिअर ऑइल बदलताना होणारा सगळ्यात महागडा घोटाळा हाच. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), गिअरबॉक्स रिकामा, नवी बाटली हातात. अशी गाडी चालवत गॅरेजला नेता येत नाही, उचलूनच न्यावी लागते. म्हणून बाकी काही विसरलात तरी एवढं विसरू नका: भरायचा नट हाताने फिरेल इतका सैल झाल्याशिवाय खालच्या नटाला पाना लावायचा नाही. गिअरबॉक्सलाही हेच, डिफरन्शियललाही हेच.

हा लेख इंजिन पुढे, त्यामागे मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारी पेटी) अशी मांडणी असलेल्या गाड्यांसाठी आहे. निस्सान ३७०झेड, माझदा एमएक्स-५, टोयोटा ८६ ही त्यातली ओळखीची नावं. पहिली भारतात अधिकृतपणे विकली गेली, उरलेल्या दोन दिसल्या तर आयात केलेल्याच. बोलेरो किंवा थार चालवणाऱ्यांनाही मागच्या डिफरन्शियलचा भाग जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो, फक्त माप आपापल्या पुस्तकातून घ्यायचं. पोर्शे बॉक्सटर, केमनसारख्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात, ऑइलही एकच, त्यामुळे तिथे हे गणित बदलतं. आणि ऑक्टाव्हिया आरएससारख्या डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाडीचं प्रकरण पूर्ण वेगळं. उन्हाचा खरा त्रास तिथेच होतो, म्हणून तिच्यासाठी शेवटी स्वतंत्र भाग ठेवला आहे.

कोणतं ऑइल आणि किती

दोन पेट्या, दोन वेगळी ऑइलं. इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया. बाटलीवर एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा वर्ग लिहिलेला असतो: जीएल-४ किंवा जीएल-५. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असा हिशोब इथे नाही.

डिफरन्शियलमध्ये क्राऊन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं) असतात. पिनियनचा आस क्राऊनच्या मध्यातून जात नाही, थोडा खाली सरकवलेला असतो. याला हायपॉइड म्हणतात. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, जोराने घासत सरकतात. त्या दाबाखाली साध्या तेलाचा थर फाटतो. गंधक-फॉस्फरसची रसायनं दातांवर जळून एक पातळ साय धरतात आणि तीच धातूला धातूपासून लांब ठेवते. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. म्हणून डिफरन्शियलला जीएल-५ च हवं.

गिअरबॉक्समध्ये उलटं. तिथल्या पितळी सिंक्रो रिंगने गिअरच्या शंकूसारख्या भागाला घट्ट धरून वेग जुळवायचा असतो. म्हणजे तिला थोडं घर्षण हवंच आहे. जीएल-५ भरलं की रिंग घसरते, वेग जुळायच्या आत लिव्हर पुढे जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ‘कर्र’ आवाज येतो. शिवाय काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक पितळाला खातं. हे नुकसान आठवड्यात दिसत नाही, वर्षभराने दिसतं. तोवर ‘गिअरबॉक्सच कच्चा निघाला’ असं खापर गाडीवर फुटलेलं असतं. पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च भरा. दुकानदार ‘दोन्हीला हेच चालतं’ म्हणत एकच डबा पुढे करेल; बाटलीवर सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो परत सरकवा. काही कंपन्यांच्या, विशेषतः बीएमडब्ल्यूच्या, बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना गिअर ऑइलऐवजी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं. तसं स्टिकर पेटीवर असतं. आधी वाकून स्टिकर बघा, मग दुकानात जा.

माप असं. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांचा पाच गिअरचा बॉक्स २ लिटर घेतो. डिफरन्शियल १.८ लिटर इंजिनच्या गाडीत १ लिटर, सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनच्या गाडीत अवघं ०.६५ लिटर. टोयोटा ८६ च्या पहिल्या पिढीत गिअरबॉक्स २.२ लिटर, डिफरन्शियल १.१५ लिटर. ३७०झेडच्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सला सुमारे २.९ आणि डिफरन्शियलला १.४ लिटर. दोन्ही ठिकाणी अर्धा लिटर जास्तीचं घ्या, कारण पंपाच्या नळीत, ट्रेमध्ये आणि हातावर तेवढं जातंच.

डिफरन्शियल एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) असेल तर आणखी एक प्रश्न: कोणत्या जातीचं? क्लच प्लेटवाल्या एलएसडीला ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण मऊ करणारं रसायन) लागतो, वेगळी छोटी बाटली किंवा आधीच मिसळलेलं ऑइल. तो नसेल तर पार्किंगमध्ये हळू वळण घेताना मागून ‘खडखड’ किंवा थरथर येते. टॉर्सनला तो लागत नाही, कारण तिथे सगळं काम गिअरच करतात. घट्ट द्रवावर चालणाऱ्या व्हिस्कसलाही नाही. नको तिथे मॉडिफायर ओतून फायदा शून्य, आणि प्लेटवाल्यात प्रमाणाबाहेर ओतला तर प्लेटा नुसत्या घसरतात आणि एलएसडी साध्या डिफरन्शियलसारखा वागू लागतो.

पंचाहत्तर की ऐंशी

७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० यातला फरक अनेक जण ‘सिंथेटिक म्हणजे भारी’ एवढ्यावर मिटवतात. ‘डब्ल्यू’ आधीचा आकडा थंडीतल्या वाहण्याबद्दल आहे: ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशाला होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. सोलापुरात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरला की आपण कानटोपी शोधतो, त्यामुळे तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही. उरला ९०. दोन्ही ऑइलं १०० अंशाला सारख्याच जाडीच्या पट्ट्यात येतात, १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं एकक).

मग सिंथेटिकला पैसे का द्यायचे? उन्हाळ्यासाठी. मे महिन्यात हवाच बेचाळीस अंशांची, खालून डांबर तापलेलं, डिफरन्शियलच्या शेजारून सायलेन्सरचा पाइप गेलेला. तुळजापूरचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढलात की डिफरन्शियलमधलं ऑइल शंभरी ओलांडायला वेळ लागत नाही. तिथे मिनरल ऑइल लवकर काळवंडतं आणि पातळ होतं, सिंथेटिक जास्त टिकतं. उन्हाळा आहे म्हणून आपल्या मनाने १४० ग्रेड मात्र भरू नका. जाड ऑइल पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही, आणि स्वतःच घुसळून जास्त तापतं.

किती दिवसांनी बदलायचं? साध्या वापराला ४०,००० ते ५०,००० किलोमीटर किंवा तीन वर्षं. ट्रॅकवर नेत असाल तर १०,००० ते १५,००० मध्ये. नवी क्राऊन-पिनियनची जोडी बसवली असेल तर पहिल्या हजारभर किलोमीटरला, कारण नव्या दातांचा बुरा सुरुवातीलाच पडतो. ‘लाइफटाइम फिल’ असं पुस्तकात छापलेलं असलं तरी त्या लाइफटाइमचा हिशोब आपल्याकडच्या मे महिन्यावरून काढलेला नाही.

सामान

नटांच्या मापाचे सॉकेट आणि अ‍ॅलन बिट. एमएक्स-५ ला साधारण २३ किंवा २४ चा सॉकेट, अनेक जपानी डिफरन्शियलना १० चा अ‍ॅलन. साधा वाकडा अ‍ॅलन पाना इथे चालत नाही. अर्ध्या इंची रॅचेटवर बसणारा बिटच लागतो, नाहीतर नटाचा सहा कोनी खळगा गोल होतो. टॉर्क रेंच. ब्रेकर बार किंवा पान्यावर चढवायला दोन फुटी पाइप. पाच लिटरचा पसरट ट्रे. जुनं ऑइल मोजायला लिटरच्या खुणा असलेला डबा. भरायला बाटलीवर बसणारा हातपंप. तो नसेल तर जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळणारी १०० मिलीची मोठी सिरींज आणि मीटरभर पारदर्शक नळी. काम हळू होतं, पण होतं.

नवे वायसर आधीच आणून ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा वायसर एकदा दबला की संपला. तांब्याचा मात्र गॅसच्या ज्योतीवर लाल करून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो आणि एक-दोनदा वापरता येतो. नटाला वायसर नसून आटेच निमुळते असतील तर तिथे वायसर घालायचा नसतो, आट्यांना सीलंट लावायचं असतं.

पुसायच्या चिंध्यांची सोलापुरात ददात नाही, टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांचा कापा किलोवर मिळतो. पण इथे एक मेख आहे. टेरी टॉवेलची लव सुटते. हात आणि फरशी पुसायला तो झकास, उघड्या भोकाच्या कडेला मात्र जुन्या धोतराचं किंवा बेडशीटचं गुळगुळीत कापडच वापरा. आत गेलेली लव बाहेर काढता येत नाही.

गाडी उचलणं

लेव्हल बरोबर यायची तर गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. फक्त मागचा भाग उचलून डिफरन्शियल भरलं तर पेटी पुढे कलते. मग भोकातून ऑइल ओघळलं म्हणजे लेव्हल आली, या खुणेला काही अर्थ राहत नाही. कुठे शंभर-दोनशे मिली कमी जातं, कुठे जास्त. म्हणून चार घोड्या लागतात, चारही एकाच उंचीवर. घरी हे जमत नसेल तर वॉशिंग सेंटरचा हायड्रॉलिक रॅम्प दुपारच्या वेळी तासाभरासाठी मागून घ्या. फक्त तिथली पाण्याची नळी दूर ठेवायला सांगा.

जुन्या सोलापुरी घरांच्या अंगणात, पार्किंगमध्ये शहाबादी फरशी असते. घोडीचे चार पाय टोकदार, वर टनभर वजन, आणि फरशीखाली कधीकधी नुसती पोकळ माती. फरशी तडकली की घोडी कलंडते. प्रत्येक घोडीखाली किमान पाऊण इंच जाडीचा एकेक फुटी प्लाय ठेवा. शहाबादी ऑइल पितेही, डाग जात नाही, म्हणून खाली पुठ्ठा किंवा जुनं फ्लेक्स अंथरा. विटा, दगड, रिमवर रिम असली रचना करून गाडीखाली जायचं नाही. नुसत्या जॅकवर तर नाहीच नाही. गाडी घोड्यांवर बसली की बाजूने जोरात ढकलून बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे.

वेळ सकाळची. पाच-सात किलोमीटर चक्कर मारून आणा, म्हणजे तळाला बसलेला बुरा ऑइलमध्ये मिसळतो आणि त्याच्याबरोबर बाहेर पडतो. ७५डब्ल्यू-९० हे ४० अंशाला १०० अंशापेक्षा सहा-सात पट घट्ट असतं, म्हणून कोमट ऑइल पटकन आणि पूर्ण निथळतं. पण परत आल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. ऑइलने भाजतं त्यापेक्षा जास्त लोक शेजारच्या सायलेन्सरने भाजतात. नव्या ऑइलची बाटली तेवढ्या वेळात उन्हात ठेवा. जानेवारीत असाल तर गरम पाण्याच्या बादलीत. पंप मारताना फरक कळेल.

आधी डिफरन्शियल

दोनांपैकी हे सोपं, म्हणून सुरुवात इथून. भरायचा नट पेटीच्या मागच्या झाकणावर किंवा बाजूला, मधल्या उंचीवर असतो, खालचा तळाशी. नटांभोवतीचं किटण आधी वायर ब्रशने आणि डिझेलच्या बोळ्याने साफ करा. काळ्या मातीचा गोळा नटाच्या खळग्यात दगडासारखा बसलेला असतो, तो टोच्याने उकरून काढल्याशिवाय अ‍ॅलन बिट पूर्ण खोल जात नाही. अर्धवट बसलेल्या बिटावर जोर दिला की खळगा गोल झालाच. भेदक तेल मारून दहा मिनिटं थांबा, मग झटका देऊन नाही तर पाइप लावून सलग दाबाने सैल करा. तरीही हलत नसेल तर पेटीला, नटाला नव्हे, हीट गनने ऊब द्या. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे पकड सुटते.

वरचा सुटला? आता खालचा. शेवटचे दोन आटे राहिले की नट आतल्या बाजूला दाबून धरत फिरवा आणि एकदम बाजूला ओढा, नाहीतर धार सरळ बाहीत शिरते. काही डिफरन्शियलना खाली नटच नसतो. तिथे भरायच्या भोकातून नळी तळापर्यंत सोडून सिरींजने ओढून काढावं लागतं. पाच-दहा टक्के आत राहतंच, चालतं.

धार संपल्यावरही पंधरा मिनिटं थेंब पडू द्या. तोवर काय निघालं ते नीट बघा.

नटाच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर काळपट-करडा, लोण्यासारखा गिलावा दिसेल. तो दातांची रोजची झीज आहे, काळजी नको. बोटांमध्ये घासून बघा: गुळगुळीत लागला तर ठीक, कचकच लागली तर बुरा मोठा होतोय. सुईच्या टोकासारख्या किंवा नखाच्या कापासारख्या चिलक्या निघाल्या तर बेअरिंगची साल सुटते आहे. दाताचा तुकडा निघाला तर नवं ऑइल भरायची घाई करू नका, झाकण उघडावंच लागेल. ऑइल काळं असणं फारसं सांगत नाही. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय: तापलेली पेटी ओढ्याच्या पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (पेटीची हवा जाण्या-येण्याची वाट) पाणी ओढून घेते. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली असेल तर किलोमीटर न बघता ऑइल बदला, आणि दोनशे-तीनशे किलोमीटरनी पुन्हा एकदा. पहिल्या फेरीत सगळं पाणी जात नाही.

गंधकाचा उग्र वास मात्र नव्या जीएल-५ लाही असतो. त्यावरून ऑइल जळालं असं ठरवू नका.

निघालेलं ऑइल मोजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तीच सगळ्यात जास्त बोलते. १.१५ लिटरच्या डिफरन्शियलमधून ०.८ निघालं तर उरलेलं कुठूनतरी गेलंय. पिनियनचं सील, बाजूच्या शाफ्टची सीलं, मागचं झाकण यावर ओल शोधा. मापापेक्षा जास्त निघालं तर मागच्या वेळी तिरप्या गाडीत भरलं होतं.

चुंबक पुसा, नवा वायसर घाला, खालचा नट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा. हाताने फिरत नसेल तर तो वाकडा लागतोय, काढून पुन्हा लावा. मग टॉर्क रेंच. एमएक्स-५ च्या डिफरन्शियलला ४० ते ५० न्यूटन-मीटरचा पट्टा आहे. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघा. अंदाज हवा असेल तर ४० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर म्हणजे ४० न्यूटन-मीटर. हा जोर वाटतो त्यापेक्षा कमी आहे. ट्रकच्या नटाची सवय असलेला हात इथे हमखास आटे मारतो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीचे आटे गेले की लेथवाल्याकडे हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

आता भरा. नळी भोकात घालून पंप मारत राहा, भोकाच्या खालच्या कडेवरून बारीक धार येईपर्यंत. धारेचे थेंब झाले की नट लावा. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून जॅकने एक बाजू उचलून जादा भरू नका. जास्तीचं ऑइल क्राऊन घुसळतो, फेस होतो, दाब वाढतो आणि ते सीलातून बाहेर येतं. शेवटी भरलेलं माप पुस्तकातल्या मापाशी ताडा. एक लिटरच्या पेटीत ०.६ लाच ओघळ आला तर गाडी सपाट नाही, किंवा घट्ट ऑइल तोंडाशीच साचलंय. पाच मिनिटं थांबून पुन्हा पंप मारा.

गिअरबॉक्स

क्रम तोच: वरचा नट, खालचा नट, निथळ, मोजणी, वायसर, टॉर्क, भरणं. फरक जागेचा. भरायचा नट पेटीच्या कुशीत, गाडीच्या तळातल्या, गिअरबॉक्स सामावणाऱ्या बोगद्याच्या भिंतीला चिकटून असतो आणि रॅचेट फिरवायला चार बोटंही जागा नसते. छोटा सॉकेट आणि युनिव्हर्सल जॉइंट तिथे कामाला येतो. हात अजिबात जात नसेल तर बोनेटमधून लांब नळी खाली सोडा, एक टोक भोकात, दुसऱ्याला नरसाळं, आणि वरून ओता. खाली एकाने ओघळ बघायचा, वर दुसऱ्याने ओतायचं. घट्ट ऑइल नळीतून सावकाश उतरतं, वीस मिनिटं धरून चाला.

कोणता नट कशाचा, हे दोनदा बघा. गिअरबॉक्सवर रिव्हर्स लाइटचा स्विच आणि डिटेंटचे (गिअर जागेवर अडकवून ठेवणाऱ्या यंत्रणेचे) नटही असतात, दिसायला सारखेच. डिटेंटचा खोलला तर आतली स्प्रिंग आणि गोळी उडून पडते.

इथल्या ऑइलमध्ये चुंबकावरच्या गिलाव्याइतकाच महत्त्वाचा सोनेरी चमकारा. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे सिंक्रोची झीज नटावर दिसतच नाही. ट्रेमधलं ऑइल उन्हात धरून हलवा. थोडी सोनेरी धूळ चालते. पितळाचे कण डोळ्याला वेगळे मोजता येत असतील, आणि दुसऱ्या गिअरला आवाजही असेल, तर नवं ऑइल फार तर काही महिने तो आवाज झाकेल.

एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत गिअर लिव्हरच्या बुडाशी एक वेगळी छोटी वाटी आहे. तिचं ऑइल गिअरबॉक्सशी जोडलेलं नाही, ८०-९० मिली गिअर ऑइल वरून घालावं लागतं. लिव्हर सैल, रखरखीत लागत असेल आणि कन्सोलमधून गरम वाफ येत असेल तर ती वाटी कोरडी आणि तिच्यावरचं रबर फाटलेलं असतं. मॅट आणि कन्सोल काढलाच आहे तर दोन्ही रबरं बदलून टाका.

ब्रीदर

डिफरन्शियलच्या माथ्यावर टोपीसारखा छोटा भाग असतो किंवा वर गेलेली बारीक नळी. पेटी तापली की आतली हवा इथून बाहेर पडते. कारखान्यांची धूळ, शेतरस्त्याची काळी माती, त्यावर ऑइलचा ओलावा: दोन-तीन उन्हाळ्यांत तिथे पक्कं बूच बसतं. मग दाब सीलातून वाट काढतो. लोक सील बदलतात, महिन्याभरात नवं सीलही गळतं, आणि मेकॅनिकला शिव्या बसतात. टोपी बोटाने फिरते का बघा, नळी असेल तर काढून फुंका. हवा सहज गेली पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे.

चालवून बघणं

पहिले दोन-तीन किलोमीटर हळू, सगळे गिअर वर-खाली. पहाटे गार गाडीत दुसरा गिअर थोडा जड लागला तर घाबरू नका, ऑइल तापल्यावर सुटतो. क्लच प्लेटवाला एलएसडी असेल तर मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात दहा-बारा सावकाश फेऱ्या मारा, म्हणजे मॉडिफायर प्लेटांमध्ये मुरतो. शंभर किलोमीटरनंतर, गाडी गार असताना, चारही नटांच्या खाली कोरडं कापड फिरवा.

आधी असलेली घरघर गेली नाही तर? एक्सलेटर दाबला की वाढणारी आणि सोडला की बदलणारी शिट्टी क्राऊन-पिनियनच्या फटीची किंवा पिनियन बेअरिंगची. वळणावर एका बाजूला वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची, डिफरन्शियलशी तिचा संबंध नाही. दोन्हींवर ऑइल हा इलाज नाही. जाड ऑइल किंवा आवाज दाबणारी रसायनं घालून गाडी विकली जाते, दुरुस्त होत नाही.

ऑक्टाव्हिया आरएस आणि डीएसजी

२०१७ ला आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २३० मध्ये सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी आहे, कारखान्याच्या भाषेत डीक्यू२५०. त्याच्यात डिफरन्शियलही त्याच ऑइलवर चालतं. दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. पेटीत एकूण सुमारे ७.२ लिटर असतं, बदलताना ५.२ ते ५.५ निघतं. ऑइल जी ०५२ १८२ या मानकाचंच हवं. बाजारातलं ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालणारं’ भरलं की क्लच झटके देतात.

फिल्टर वरून, २४ च्या सॉकेटने निघतो. खालच्या १४ च्या अ‍ॅलनच्या नटामागे प्लास्टिकची एक उभी नळी असते, ८ च्या अ‍ॅलनने सुटणारी. ऑइल पूर्ण काढायला नळी काढायची, लेव्हल बघायला तीच परत लावायची, कारण नळीच्या वरच्या तोंडातून ओसंडेल तेवढी लेव्हल. नळीला ३ न्यूटन-मीटर म्हणजे फक्त बोटांचा जोर, फिल्टरच्या टोपणाला २०, खालच्या नटाला ४५.

भरल्यावर इंजिन चालू करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थानावर तीन-तीन सेकंद थांबवत फिरवा, मग इंजिन चालू ठेवूनच खालचा नट उघडून लेव्हल बघा. अट अशी की गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर ऑइलचं तापमान ३५ ते ४५ अंशांमध्येच असलं पाहिजे. आता मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा: उन्हात उभी गाडी इंजिन चालू व्हायच्या आधीच चाळिशी ओलांडून बसलेली, आणि दोन मिनिटांत पन्नाशीवर. गरम ऑइल फुगलेलं असतं, ते जास्त ओसंडतं. साठ अंशाला लेव्हल केली तर चाळिशीच्या हिशोबाने शंभरेक मिली कमी राहतं. वर ‘थेंब पडले, लेव्हल झाली’ असं समाधान. म्हणून उन्हाळ्यात हे काम सावलीत रात्रभर उभ्या गाडीवर पहाटे सहाला सुरू करा, किंवा सरळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. गॅरेजला देत असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा आणि लेव्हलच्या वेळचा स्कॅनरवरचा आकडा दाखवायला सांगा.

पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा. त्याच्या गिअरच्या बाजूला १.७ लिटर वेगळं ऑइल आणि मेकॅट्रॉनिक्सचं (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण यंत्रणेचं) वेगळं. वरची पद्धत त्याला लावू नका.

जुनं ऑइल

२०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यातच मोडतं. सेंटरिंगच्या फळ्यांना, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासायला ते मागणारे भेटतील. जीएल-५ मधलं गंधक आणि धातूचा बुरा तिथून पहिल्या पावसात शेतात उतरतो. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका (मिसळलं की पुन्हा शुद्ध करणारा ते घेत नाही) आणि इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाला माल देणाऱ्या गॅरेजच्या पिंपात ओता. कॅनवर तारीख, किलोमीटर आणि निघालेलं माप लिहिलेलं असेल तर ओतण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या, पुढच्या वेळी मोजणी करताना तोच लागतो.